ओढ्यातला खडा

देवणीच्या शाळेत चौथीच्या वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. तो मीच काढलेला. वीस वर्षं त्याच्यावर पट्टी ठेवून मी मुलांना उस्मानाबाद जिल्हा शिकवला. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला आणि तो नकाशा चुन्याखाली घालून मलाच नवा काढावा लागला. मुलं विचारू लागली,

"गुरुजी, आपुन कुठं गेलाव?"

"कुठंच न्हाई. रेघ सरकली. आपुन हाव तिथंच हाव."

नवा नकाशा काढताना मांजरा नदीचं एक वळण चुकलं. मी त्याच्यावर रेघ मारली, शेजारी बरोबर वळण काढलं आणि चुकलेलं तसंच राहू दिलं. मुलांना माझा एकच नियम होता. चूक झाली तर थुंकी लावून पाटी पुसायची नाही. आधी मला दाखवायची, मग तिच्यावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. चौतीस वर्षं मी हा नियम शिकवला. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी हे आधी सांगून ठेवतो.

जिल्हा नवा झाल्याचा आम्हाला फायदा झाला तो दवाखान्याचा. माझी बायको शिवकांता. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप आखडली होती. आधी तिला सोलापूरला न्यावं लागे. आता लातूरलाच हृदयाचे डॉक्टर बसू लागले. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, मी सेवानिवृत्त होऊन वर्ष झालं होतं तेव्हा, त्यांनी तिला तपासलं, गोळ्या बदलल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"गुरुजी, ह्या उन्हात आणि पाण्याच्या खेपांत ह्यांना ठेवू नका. महिनाभर कुठंतरी गार जागी न्या. नुसतं बसू द्या."

पाण्याच्या खेपा खऱ्याच होत्या. दुष्काळाचं ते दुसरं साल. विहिरींचे तळ उघडे पडले होते. टँकर एक दिवसाआड यायचा आणि शिवकांता पहाटेपासून घागर रांगेत लावून बसायची. घरात पाणी वाटीनं मोजलं जाई. भांडी राखेनं कोरडीच घासायची, भाजी धुतलेलं पाणी बेलाच्या रोपाला घालायचं.

आणि पूजा पळीभर पाण्यात. आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याच्या त्याच्या गळ्यात आपलं इष्टलिंग असतं, जांभळाएवढं, काळं, चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्यात ओवलेलं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्यानं न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याआधी पोटात दुसरं काही जात नाही. जन्मल्यावर गळ्यात आलेलं लिंग मेल्यावर माणसाबरोबर मातीत जातं. नवरा-बायकोचंही एकमेकांना चालत नाही. ते हरवलं, तर हल्लीची माणसं मठात जाऊन स्वामींकडून नवं घेतात. जुन्या माणसांचा रिवाज निराळा होता. सापडेपर्यंत अन्नपाणी बंद. शिवकांता त्या जुन्यांतली.

"दोन वर्षं झाली ह्याला पळीत आंघोळ घालतेय," ती म्हणायची. "एकदा तरी पोटभर न्हाऊ घालावं वाटतं."

डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात सिद्धरामचं पत्र आलं. सिद्धराम वलांडीचा, माझा विद्यार्थी. बँकेत अधिकारी होऊन बदलीनं निलगिरीच्या डोंगरात गेला होता. त्यानं लिहिलं होतं, "बायको बाळंतपणाला उदगीरला गेली आहे. क्वार्टर रिकामं आहे. काकूंना घेऊन या. चारी बाजूंनी चहाचे मळे आहेत. इथं मे महिन्यात स्वेटर लागतो."

"मे म्हैन्यात स्वेटर?" शिवकांता म्हणाली. "तुमचा हा विद्यार्थी लहानपणापासून थापाडा दिसतो."

"थापाडा न्हाई. गणितात कच्चा होता."

"मग बँकेत कसा घेतला?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. दोघांनीच कुठं जाण्याची ही पहिली वेळ. उदगीरहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे आणि तिथून बस. बस वर चढू लागली तशी तिनं खिडकीची काच खाली ओढली आणि पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला. "खरंच गार हाय की वो," म्हणाली.

गावाचं नाव होसहट्टी. कोटागिरीच्या पुढं, एका उतारावर एकाला एक लागून घरांची ओळ, आणि खाली-वर जिकडं पाहावं तिकडं चहा. चहाची झाडं उंच असतील असं मला उगीच वाटत होतं. ती कमरेएवढी. न्हाव्यानं बारीक केस कापावेत तसा सगळा डोंगर कापलेला. त्या गावची माणसं बोलतात ती भाषा कानडीच्या जवळची. शिवकांताचं माहेर भालकीकडचं, तिथं घरात कानडीच चालते. पहिल्याच सकाळी शेजारची एक म्हातारी, नंजम्मा, कुंपणापाशी येऊन काहीतरी विचारू लागली. मला अर्धं कळलं. शिवकांता मात्र ताडकन उठली.

"आवं गुरुजी, ही आपल्यातलंच बोलायली!"

ज्या गावाला जायला आम्हाला तीन दिवस लागले त्या गावात माझ्या बायकोला माहेर सापडलं. नंजम्मा चहाची पानं खुडायला जायची. संध्याकाळी येऊन पायरीवर बसायची. दोघी तासन् तास बोलायच्या. तिच्याच सांगण्यावरून कळलं की त्यांच्या लोकांतही काही घराण्यांत गळ्यात लिंग असतं. शिवकांता दोन पानं आणि एक कोंब कसा खुडायचा ते शिकली. पण तिची पानांची पाटी भरायच्या आत नंजम्माच्या दोन व्हायच्या. "एवढ्या चहात राहून ही बया कोराच चहा पिती," असं ती मला मराठीत सांगायची, आणि हिनं काय सांगितलं ते नंजम्मानं विचारलं की कानडीत भलतंच काही सांगून तिलाही हसवायची.

आठ-दहा दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला. सिद्धरामचा स्वेटर घालून ती उन्हात बसायची. मी आसपासच्या मुलांना दगडांवर बेरजा शिकवायचो. भाषा येत नव्हती, पण बेरजांना ती लागत नाही. ओढ्यापासूनचा चढ ती आधी तीनदा थांबून चढायची. मग एकदाच थांबून चढू लागली. मी मनात म्हणालो, आता ही दहा वर्षं जगेल.

फक्त पाण्याची सवय सुटेना. घरातल्या नळाला झऱ्याचं पाणी दिवसभर यायचं, तरी तिनं सिद्धरामची सगळी पातेली, बादल्या, डबे भरून ठेवले. "कुणाचं लग्न हाय?" म्हणून नंजम्मानं चेष्टा केली. पूजेला तिची वाटी आणि पळी तशीच.

एका सोमवारी सकाळी मी म्हणालो, "अगं, खाली एवढा ओढा वाहतोय आणि हितंबी तुझी पळीच? आज त्याला धारेखाली धर की."

ती माझ्याकडं बघत राहिली. "धरू?"

"मला काय विचारतीस? दोन वर्षं म्हणत होतीस ना."

आम्ही दोघं खाली गेलो. ओढा फार रुंद नव्हता, पण दगडांतून जोरानं येत होता. ती एका सपाट दगडावर बसली. गळ्यातली डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, त्याच्यावर बेलाचं पान ठेवलं आणि हात धारेत धरला. पाणी तिच्या मनगटावरून उडून तोंडावर येत होतं.

"बघा, बघा," ती मोठ्यानं हसली, "पोटभर न्हातंय!"

बराच वेळ ती तशीच बसली. हात काढावासा वाटत नव्हता तिला. मी काठावर उभा राहून बघत होतो. मलाही बरं वाटत होतं. मे महिन्यात हाताच्या संवेदना जातील इतकं गार पाणी असतं, हे आम्हा दोघांना कुठून ठाऊक असणार? तिची बोटं बधिर झाली आणि उघडली. तिला ते कळलंही नाही. मला दिसलं ते एवढंच, की बेलाचं पान पाण्यावर तरंगत निघालं आहे. मग तिनं हात बाहेर काढला आणि रिकाम्या तळहाताकडं पाहिलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "गुरुजी, गेलं."

मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. दगड उचलून पाहिले, वाळूत हात घातले. दुपारी सिद्धराम बँकेतून धावत आला. संध्याकाळी नंजम्मा वीस-पंचवीस बाया घेऊन आली. मळ्यातलं काम सोडून त्या आल्या होत्या. चहाच्या पाट्या पाण्यात धरून त्या वाळू गाळत होत्या, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तसंच. ओढ्यात काळे खडे हजारो होते. वर आलेला प्रत्येक खडा मी उलटासुलटा करून बघायचो.

शिवकांता पायरीवर बसून राहिली. पाणी नाही, गोळी नाही.

"गोळी तरी घे," मी म्हणालो.

"गोळी काय कोरडी गिळू?"

"पाण्याबरोबर घे. देवाला कळतंय की सगळं."

"त्याला कळतंय म्हणूनच म्हणते."

सिद्धरामनं बँकेतून मठात फोन लावला. स्वामींनी निरोप दिला: बाईंना घेऊन या, नवं लिंग देऊ, वाटेत पाणी घ्यायला माझी परवानगी आहे. मी तो निरोप तिला सांगितला.

"स्वामींना म्हणावं, हरवलं न्हाई," ती म्हणाली. "हरवलं असतं तर नवं घेतलं असतं. मी हौसेपायी हातानं सोडलं."

"मी म्हणालो धर म्हणून. चूक माझी."

"हात कुणाचा होता?"

मळ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी सलाईन लावू म्हटलं तर तिनं हात पदराखाली घेतला. "सुईतनं आलं तरी पाणीच ते." डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, हृदय असं आणि पोटात दोन दिवस थेंब नाही, उद्याचा दिवस निघणार नाही. नंजम्मा तिच्याजवळ बसून, "नीरु कुडी, अम्मा," पाणी पी, पाणी पी, असं लहान पोराला सांगावं तसं सांगत होती.

बुधवारी सकाळी शिवकांताचे ओठ फुटले होते आणि जीभ उचलत नव्हती. मी ओढ्यावर गेलो. बाया अजून यायच्या होत्या. मी माझी डबी उघडली. माझं लिंग आणि तिचं लिंग एकाच मठातलं, एकाच मापाचं. माझ्या लिंगाच्या एका अंगाला थोडा कंगोरा होता. मी ते काढलं, ओल्या वाळूत घोळवलं आणि धोतराच्या सोग्यात धरलं. डबी रिकामी हलकी लागली. म्हणून काठावरचा एक काळा खडा उचलून फडक्यात गुंडाळला आणि तिच्यात घातला. हे सगळं करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाया आल्या. मी पाण्यात उभा राहून हात वर केला आणि ओरडलो, "सापडलं!"

त्यांना शब्द कळला नाही, पण हात कळला. नंजम्मा तिथंच मटकन बसून रडू लागली. बायांनी पाट्या झटकल्या, पाठीला लावल्या आणि मळ्यात निघून गेल्या. दोन दिवस त्यांनी माझ्यासाठी काम बुडवलं होतं. शोध तिथं थांबला.

शिवकांतानं लिंग हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, त्या कंगोऱ्यावरून अंगठा फिरवला. फार वेळ बघितलं.

"कुठं होतं?"

"खालच्या अंगाला. दोन दगडांच्या कपारीत."

"झिजलं हो."

"दोन दिवस वाहत्या पाण्यात होतं ते."

तिनं ते मुठीत घेतलं. मग म्हणाली, "वाटी आना."

तिनं पूजा केली. मी खालून तिचा तळहात धरला. तीर्थाचा एक घोट तिनं घेतला, मग उरलेलं माझ्यापुढं केलं.

"घ्या."

"तुझं तू घे. मी माझी पूजा करतो."

"हितं पाण्याला काय तोटा हाय? घ्या म्हणते न्हवं."

मी ओंजळ पुढं केली. नंतर भिंतीकडं तोंड करून, फडक्याच्या आड, त्या खड्याला पाणी घातलं आणि तिच्यासमोर बसून भात खाल्ला. माझ्या नियमानं मला तो घास चालत नव्हता. पण मी जेवलो नसतो तर तिला कळलं असतं.

आणखी पंधरा दिवस आम्ही तिथं राहिलो. ती पुन्हा उन्हात बसू लागली. ओढ्यावर मात्र आली नाही. मी फिरायला जातो म्हणून रोज सकाळी जायचो आणि एकटा वाळू चाळायचो. नंजम्मा मळ्यातून हात करायची. म्हातारा पाण्यात खेळतोय, असं तिला वाटत असेल. मदतीला या, असं मी तिला म्हणू शकत नव्हतो. सापडलेली वस्तू शोधायला कुणाला बोलावणार?

देवणीला परत आलो. पाऊस त्या सालीही बेताचाच झाला. पळी आणि वाटी पुन्हा सुरू झाली. पण आता रोज सकाळी शिवकांता आपल्या तीर्थातलं अर्धं माझ्या ओंजळीत घालायची. पळीभरातलं अर्धं म्हणजे चार थेंब. पूर्वी कधी असं नव्हतं. मी एकदा म्हणालो, "आता हितं तर पाण्याचा तोटा हाय."

"म्हणूनच वाटून घ्यायचं," ती म्हणाली.

मला वाटलं, डोंगरातल्या त्या दोन दिवसांनी तिचा हात सैल झाला आहे.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. आज तिला धाप लागली आहे, आज नको. आज जगदेवी आली आहे, लेकीसमोर नको. जगदेवी आमची एकुलती एक मुलगी, कंधारला दिलेली. आज श्रावण सोमवार आहे, आज तर मुळीच नको. कधी कधी शिवकांताच विचारायची, "गुरुजी, काय सांगायचंय का?"

"काय सांगायचं?"

"न्हाई. गप बसलाव म्हणून विचारलं."

माझ्या एका कानानं तेव्हा ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं आणि दुसऱ्यानं कमी. वर्गाच्या गलक्यात आयुष्य गेलं त्याचं हे. ती मोठ्यानं बोलायची म्हणून आमचं चालायचं.

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात ती गेली. त्या साली पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. आठ दिवस आधी जगदेवी येऊन राहिली होती. सकाळी पूजा झाली, माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "थोडं पडते." मग हाक मारली तर उत्तर आलं नाही.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत देतात. आमच्या शेतात, कोरड्या विहिरीच्या बांधाशी खड्डा घेतला. गाव आलं होतं. त्यातली अर्धी माणसं माझ्या हाताखाली शिकलेली. शिवकांताला बसवलं, कपाळाला विभूती लावली. गावचे जंगम चन्नय्या स्वामी खड्ड्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आता गळ्यातलं लिंग डाव्या हातावर ठेवा."

जगदेवी पुढं आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"थांबा अय्या. आईनं सांगून ठेवलंय. तिच्या गळ्यातलं लिंग बाबांना द्या म्हणून. आणि बाबांच्या गळ्यातला खडा तिच्या हातात द्या."

सगळे माझ्याकडं बघू लागले. खडा हा शब्द कुणाला कळला नाही. मला कळला.

स्वामींनी विचारलं, "गुरुजी, काय भानगड हाय?"

समोर माझे विद्यार्थी उभे होते. कुणी पन्नाशीला टेकलेले, कुणाच्या कडेवर नातवंडं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओढा, माझं ते "धारेखाली धर", तिचे दोन दिवस, माझं लिंग, हा खडा, सोळा महिने. मला कमी ऐकू येत असल्यानं मी किती मोठ्यानं बोलत होतो ते मला माहीत नाही. लोक म्हणतात, रस्त्यावर टँकरजवळ उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं. बोलून झाल्यावर मी डबी उघडून खडा तळहातावर धरला, पाटी दाखवावी तसा.

स्वामी उठून माझ्याजवळ आले. मग त्यांनी तो खडा माझ्या हातून घेतला.

"लिंग आधी दगडच असतं," म्हणाले. "पाणी आणा."

कुणीतरी टँकरखालून तांब्या भरून आणला. त्यांनी खड्याला पाणी घातलं, विभूती लावली, मंत्र म्हटला आणि तो शिवकांताच्या हातावर ठेवून तिची बोटं मिटवली. तिच्या गळ्यातलं लिंग माझ्या गळ्यात बांधलं. मग आम्ही माती ओढली.

चौथ्या दिवशी जगदेवी कंधारला जायला निघाली. तिची पिशवी भरताना मी विचारलं, "तुझ्या आईला कधी कळलं?"

"हातात घेतलं तेव्हाच. तुमच्या लिंगाला एका बाजूनं कंगोरा हाय, ते तिला ठाऊक न्हाई व्हय? छत्तीस वर्षं समोर बसून पूजा करत होता की."

"मग प्यायली कशी?"

"ती म्हणायची, गुरुजींनी आपलं काढून दिलं, ते वाया कसं घालवू? पण मग तुमच्या तोंडात तीर्थ न्हाई म्हणून तिच्या जिवाला लागून राहायचं. तुमचं तीर्थ तुम्हाला द्यायची ती."

मी पिशवी बाजूला ठेवली.

"आणि खडा?"

"बाबा, तो वाजायचा. तुम्ही वाकला की डबीत खडखड वाजायचा. फडकं सैल झालं असंल. आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. मी म्हणाले, आई, सांगून टाकू का त्यांना. तर म्हणाली, नको. गुरुजी सांगतील एक दिवस. पोरांकडनं वदवून घेत्यात, सोताही सांगतील. वाट बघते मी."

तिची बस आली, ती गेली.

मी त्याच दुपारी सिद्धरामला पत्र लिहिलं. शिवकांता गेली, ते लिंग सापडलं नव्हतं, मी खोटं बोललो, नंजम्माला आणि त्या बायांना हे माझ्या शब्दांत सांग, असं लिहिलं. दिवाळीच्या सुमारास त्याचं उत्तर आलं.

"गुरुजी, तुमचं पत्र मी नंजम्माला त्यांच्या भाषेत सांगितलं. ती आधी खूप रडली. मग रागावली. म्हणाली, तेव्हाच सांगितलं असतं तर आम्ही थांबलो नसतो, आमच्यात असं अर्ध्यात सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती सात-आठ जणींना घेऊन ओढ्यात उतरली. सध्या पाणी फार आहे, काही हाती लागलं नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की पुन्हा उतरू, असं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. काकूंना तिनं नमस्कार सांगितला आहे. तुमच्या पत्रात काकू गेल्याचं होतं, ते मला तिला लगेच सांगवलं नाही. काय सांगू?"

मी उत्तर लिहायला बसलो. काकू गेल्या हे तिला स्पष्ट सांग, असं पहिलं वाक्य लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, आता शोधू नका म्हणावं.

दुसऱ्या वाक्याकडं बराच वेळ पाहिलं. मग त्याच्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पत्र तसंच पाकिटात घातलं.